मान हलवली म्हणजे हो नव्हे

सुमनताई कळंबे व्हिडिओ कॉलवर कधीच "कशी आहेस?" असं विचारत नसत. कॅनडातून त्यांचा चेहरा मोबाइलवर दिसला, की पहिला प्रश्न ठरलेला असे, "मंदा, आज घराच्या बाहेर निघाली होती का?" सौंसरला राहणारी बाई दिवसभर बाहेरच असते, हे त्यांना ठाऊक होतं. पण निवृत्तीनंतर मी आणि माझा नवरा लेकीकडे, ऑस्ट्रेलियात, कायमचं राहायला जाणार होतो आणि त्याचा सराव त्या माझ्याकडून आधीपासूनच करून घेत होत्या.

सौंसरच्या एकाच शाळेत आम्ही दोघी शिकवायला होतो. त्या पांढुर्ण्याहून बसने येत. नवीन शिक्षिका रुजू झाली, की सुमनताई तिला शाळाभर फिरवून आणत आणि कोणता नळ गळतो, कोणत्या बाबूशी सकाळी बोलू नये, हे सांगत. निवृत्त झाल्यावर मुलाने, नितीनने, आईवडिलांना कॅनडाला बोलावून घेतलं. ताईंच्या नवऱ्याने, वामनभाऊजींनी, तिगावच्या बाजूचा संत्र्याचा बगिचा पुतण्याच्या हवाली केला आणि दोघं गेले.

तिथून त्यांची शाळा माझ्यासाठी पुन्हा भरू लागली. "फोडणी देण्याआधी पंखा लाव अन् खिडकी उघड. माझ्या पहिल्याच फोडणीनं घरात धुराचा भोंगा वाजला. सून धावत आली, अन् मी झारा धरून उभी!" स्वयंपाकघर सुनेचं असो की लेकीचं, आपण विचारून शिरायचं. नातवंडं कधी सांभाळणार, ते आधीच बोलून घ्यायचं, मागून कुरकुर करायची नाही. औषधांच्या चिठ्ठ्या डॉक्टरकडून इंग्रजीत लिहून न्यायच्या. "अन् बस शिक. ज्या बाईले बस येत नाही, ते तिथं लेकराच्या गाडीतलं सामान होते." त्या स्वतः चुकीच्या बसमध्ये बसून शहराच्या भलत्याच टोकाला पोचल्या होत्या. पुढे वस्तीतल्या वाचनालयात, नव्याने आलेल्या म्हाताऱ्या बायकांना त्याच बस शिकवू लागल्या. पंजाबी, गुजराती, श्रीलंकेची एक आजी. भाषा कोणाची कोणाला येत नव्हती, तरी बायका खिदळत.

हे सांगताना त्यांच्या मागे खिडकीशी भाऊजी बसलेले दिसत. सुरुवातीला ते पुढे वाकून विचारत, "मंदाबाई, औंदा संत्र्याचा बहार कसा आहे?" मग नुसता हात हलवू लागले. मग तोही नाही. एका दुपारी ते चपला घालून बर्फात चालत निघाले. शेजाऱ्याने हाताला धरून परत आणलं, तेव्हा म्हणाले, बगिच्यात पाणी सुरू आहे, पाहून येतो. डॉक्टर म्हणाले, मन खचलंय. नितीन म्हणाला, आईबाबा, तुम्ही दोघं परत जा, मी येत राहीन.

परत आले ते एकटे भाऊजी.

पांढुर्ण्यात लोक बोलू लागले. मलाही राग आला. फोनवर विचारलं, "ताई, तुम्ही काहून नाही आल्या?" त्या म्हणाल्या, "मंदा, वाचनालयात बायका वाट पाहून राहिल्या," आणि फोन बंद झाला.

पुतण्याच्या घरी भाऊजी जरा सावरले. बगिच्यात जाऊन बसत, मजुरांवर ओरडत. मग छातीत कफ धरला. नागपूरला हलवलं, पण ते वाचले नाहीत. सुमनताई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. आलेल्या बायका त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलून उठत.

तेरवी झाल्यावर मी पांढुर्ण्याला गेले. त्या पलंगावर भाऊजींचे सदरे घडी करत होत्या. मी काही विचारण्याआधीच म्हणाल्या, "खरं सांगू? मले तिथं आवडते. जन्मभर शाळा, सासू, बगिचा, मजुरांचा चहा. तिथं पहिल्यांदा माझा दिवस मी ठरवून राहिली होती. अन् हे खिडकीपाशी वाळून राहिले होते. दोन्ही माह्या डोळ्यांसमोर."

"मग सोबत यायचं ना ताई, थोडे दिवस तरी."

"आली असती, तर लोकांनी जाऊ देलं असतं का मले परत? याच विचारात राहिली मी. अन् हे निघून गेले." सदऱ्याचं बटण लावता लावता त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, "नितीननं विचारलं होतं ना, येता का म्हणून, तेव्हा दोघांचं हो मीच म्हटलं. हे समोरच बसले होते. मान हलवली यांनी. मले वाटलं, हो म्हणून राहिले. तुले बस सांगितली, औषधं सांगितली, हे नाही सांगितलं. घरी जा अन् नवऱ्याले विचार. अन् विचारून झालं, की तू गप राह्य."

काही दिवसांनी त्या परत गेल्या. पांढुर्ण्याच्या स्टेशनावर पुतण्या आणि मी, दोघंच होतो. गाडी हलली तेव्हा त्यांनी मागे वळून गावाकडे पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं की पाहवत नव्हतं, ते मला कळलं नाही. गावातली माणसं त्यांना दगडाच्या काळजाची म्हणतात. मी वाद घालत नाही. त्या बरोबर होत्या असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि चूक होत्या असंही जिभेवर येत नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही नवराबायको जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेलो. परतताना झाडाखाली बसलो होतो. मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियात तुम्हाला जायचं आहे का? तुमचं तुम्ही सांगा." आणि गप्प राहिले. ते फार जड गेलं. चौकातल्या मित्रांशिवाय ज्यांची संध्याकाळ होत नाही, ते नाहीच म्हणणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी प्रसादाचा नारळ पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "हो. मले जायचं आहे. पोरीजवळ राहायचं आहे मले." आणि माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "अन् तुले?"

इतकी वर्षं प्रत्येकाला मी सांगत आले होते, आम्ही जाणार, आम्ही जाणार. मी तोंड उघडलं, आणि 'हो' काही बाहेर येईना.