मोहनमाळ घालून काढलेला मोर्चा

“कोणाचं लग्न आहे?” आम्हाला कचेरीच्या दारात बघताच साहेबांनी विचारलं.

आम्ही वीस-पंचवीस कोळणी होतो. लाल-हिरवी लुगडी, केसांत अबोलीच्या वेण्या, अंगावर घरातलं होतं नव्हतं तेवढं सोनं. आणि आलो होतो खळ्यांसाठी जागा मागायला.

खळं म्हणजे जवळा सुकवायची जागा. जवळा ही अगदी बारीक कोळंबी. जमीन चोपून, शेणाने सारवून त्यावर ती पसरायची आणि उन्हात वरखाली करत राहायची. ठाण्याच्या खाडीकाठी आमच्या सासवांच्या आधीपासून अशी खळी होती. जमीन मात्र सरकारी. तिथे भराव टाकून रस्ता काढायचं ठरलं. ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. आमची मागणी एवढीच होती की रस्ता काढा, पण सुकवायला दुसरी जागा द्या.

माझं शिक्षण चौथी. धंदा सुक्या मासळीचा. महिला मंडळाची अध्यक्ष होते, कारण माझा आवाज मोठा.

त्या वर्षी नौपाड्यातून एक मुलगी आमच्याकडे येऊ लागली होती. वैदेही. युनिव्हर्सिटीत मानववंशशास्त्र शिकत होती. माणसं कशी राहतात, कशासाठी भांडतात, हे त्यांच्यात वावरून समजून घ्यायचं, याला ते फिल्डवर्क म्हणतात. तिचा विषय बायकांची आंदोलनं. पोरगी वाईट नव्हती. आमच्याबरोबर उन्हात बसून जवळा निवडायची, हात सोलवटले तरी कुरकुर नाही. न्याय, हक्क हे शब्द सारखे तिच्या तोंडी. आम्हालाही ऐकायला बरं वाटायचं.

मोर्चा ठरला तेव्हा ती म्हणाली, “मावशी, रोजच्या कपड्यांत नका जाऊ. तुम्ही इथल्या मूळच्या आहात, हे दिसलं पाहिजे. सणाला नेसता तसं नेसा.”

बायका खूश झाल्या. सणाचं नेसायचं म्हटलं की कोळीण सोनं घालणारच. एकीने घातलं की दुसरी मोकळ्या गळ्याने येत नाही. जनाबाईकडे सोनं नव्हतं. तिचा नवरा लकव्याने अंथरुणावर, होडी विकलेली, घर चालायचं ते खळ्यावर. तिने नणंदेची मोहनमाळ मागून आणली.

“काय गो जने, पुन्हा लगीन लावतंस का?” कुणीतरी म्हणालं.

“तुझाच नवरा बघून ठेवलाय,” जनाबाई म्हणाली. आम्ही हसत हसत कचेरी गाठली.

साहेबांनी अर्ज वाचला. जनाबाई पुढेच उभी होती. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“बाई, इथे लिहिलंय पोटावर पाय येईल. मग हे गळ्यात काय?”

“साहेब, नणंदेची हाय. मागून आणली.”

“मग जागाही तिच्याकडेच मागा.”

कारकून हसले. जनाबाईने माळ तिथल्या तिथे काढली आणि मुठीत धरली.

वैदेही कोपऱ्यातून फोटो काढत होती. मी तिला म्हटलं, “अगं, सांग ना त्यांना! नटून यायला तूच सांगितलंस.”

ती हळूच म्हणाली, “मावशी, मी बोलले तर हे तुमचं आंदोलन राहणार नाही. गाईडनी बजावलंय, मध्ये पडायचं नाही.” गाईड म्हणजे तिचे मार्गदर्शक सर.

“नेसायला सांगितलंस तेव्हा कुठे गेलेले तुझे सर?”

तिने कॅमेरा खाली घेतला.

अर्जावर शेरा आला. अर्जदारांची परिस्थिती बरी दिसते, पर्यायी जागेची गरज नाही.

पावसाळा सरला आणि भराव पडला, त्यावर रस्ता झाला. आम्ही डांबरावर जवळा सुकवून बघितला. ट्रकची धूळ बसायची, खाताना दातांखाली कचकच यायची, गिऱ्हाईक तुटलं. मी बाहेरचा सुका माल आणून विकू लागले. जनाबाईकडे त्याला भांडवल नव्हतं. ती माजिवड्याला बिल्डिंगमध्ये भांडी घासायला लागली. नणंदेने तिच्याशी बोलणं टाकलं. माळ माझी आहे, हे चारचौघांत साहेबांना का सांगितलं, हा राग.

वैदेहीला डिग्री मिळाली. पेढे घेऊन आली, जाडजूड प्रबंध दाखवला. आत आमचा फोटो. खाली इंग्रजीत काय लिहिलंय, मी विचारलं.

“आपली ओळख अभिमानाने मिरवणाऱ्या कोळी स्त्रिया,” ती म्हणाली.

“जागा गेली, ते लिहिलंस?”

“लिहिलंय ना. शेवटच्या प्रकरणात.”

मी पेढा घेतला नाही.

मंडळातल्या पोरींना मी एकच सांगते. सरकारी कचेरीत जायचं तर धंद्यावरून उठून, तशाच जा. हात धुवू नका. साहेब नाक दाबून धरेल, पण तुम्हाला वासावरून तरी कोळीण समजेल. आणि सोबत कोणी शिकलेली येत असेल तर तिला घरूनच विचारून घ्या, बाई, तिथे तोंड उघडणार आहेस का?