आभाळातली हाळी

हेलिकॉप्टर आलं तेव्हा मेंढरं टेकडीच्या उतारावर चरत होती आणि मी बाभळीखाली बसून भाकरी खात होते. उमापूरला एका पुढाऱ्याच्या घरी लग्न होतं, त्यासाठी ते आलेलं. एवढं खालून गेलं की माझ्या कालवणात धूळ पडली. मेंढरं उधळली. बरीचशी ओरडून ओरडून परत वळवली, पण दहा-बारा टेकडीपलीकडे गेली ती आलीच नाहीत. पलीकडे नाले आणि काटवण. दिवस कलला की तिथे लांडगे फिरतात.

मुलगा बीडला गेला होता. मी सुनेला फोन केला. ती ड्रोन उडवते. बचत गटाने तिला शिकायला पाठवलं तेव्हा तिचं पोर अंगावर पीत होतं, म्हणून पोराला घेऊन मीही गेले होते. ती शाळा एका विमानतळापासून काही अंतरावर होती. शिकवणारे मास्तर उडवण्याआधी विमानतळाच्या टॉवरला विचारायचे आणि होकार येईपर्यंत हात बांधून उभे राहायचे. विमान तर एकही दिसायचं नाही. माणूस भित्रा आहे, असं मला वाटायचं.

सून स्कुटीवर आली. पेटी उघडायच्या आधी तिने फोन उघडला आणि नकाशा मला दाखवला. आमच्या टेकडीवर लाल रंग पसरला होता.

"हे काय हाय गं?"

"हेलिकॉप्टर हाय तवर इथं उडवायला बंदी, आत्या."

"टेकडी आपल्या गावची. आभाळ काय त्यानं इकत घेतलंय?"

तिने हेलिपॅडवर बंदोबस्ताला असलेल्या हवालदाराचा नंबर सरपंचाकडून मिळवला आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, विचारून सांगतो. आम्ही बसलो. बराच वेळ गेला, फोन काही वाजला नाही. पायथ्याशी सावली आली, ऊन टेकडीवर चढायला लागलं.

आमच्यात एक रीत आहे. अरुंद वाटेला वळण आलं की पुढचा माणूस हाळी देतो. समोरून दुसरा कळप येत असेल तर तिकडून हाळी येते, मग एकाने आपली मेंढरं बाजूला घ्यायची. दोन कळप एकमेकांत मिसळले तर निवडता निवडता दिवस जातो आणि भांडण होतं ते वेगळंच. हाळीला उत्तर आलं नाही तर वाट मोकळी. मी जन्मभर असंच चालले.

म्हणून मी सुनेला म्हणाले, "तू इचारलंस ना? उत्तर आलं न्हाई. मग वाट मोकळी हाय. उडीव."

"न्हाई आत्या. यांच्यात उलटं असतंय. उत्तर येईस्तोवर थांबायचं."

"उलटं कावून?"

"मेंढरू वळणावर थांबतंय. हेलिकॉप्टर कुठं थांबंल? टेकडीआडून आलं तर त्याला माझं ड्रोन दिसायचं न्हाई. त्यात माणसं बसलेली असतेत."

मास्तर का थांबायचे ते मला आता कळलं. मग मी दुसरं विचारलं. "तुझ्या त्या टॉवरातल्या माणसाला आपली टेकडी दिसती का?"

"कुठली दिसती! पायलट त्याला सांगतो, कुठून निघालो, कुठं उतरणार. ज्याला उडवायचंय तो इचारतो. समदे सांगतेत म्हणून त्याला कळतंय."

"अन् एखाद्यानं सांगितलंच न्हाई तर?"

"तर मग लई वंगाळ."

एवढ्यात हेलिकॉप्टर उठलं. उरलेली मेंढरं मी आणि सुनेने दोन्हीकडून दाबून धरली. ते गेलं तरी सून नकाशाकडेच बघत बसली होती. मी दात खात होते. शेवटी फोन आला. हवालदार म्हणाला, निघालं ते, उडवा आता. नकाशाही हिरवा झाला होता.

ड्रोन वर गेलं. फोनच्या काचेवर टेकडीची पाठ दिसली. तिच्यावरून मी इतकी वर्षं चालले, पण अशी कधी पाहिली नव्हती. नाला कुठे वळतो तेसुद्धा मला चुकीचं माहीत होतं. करवंदीच्या जाळीमागे मेंढरं एकमेकांना चिकटून उभी होती. सून ड्रोन खाली घ्यायला लागली तशी मी तिचा हात धरला. "वरच ऱ्हाऊ दे. पुन्ना उधळतील." तिने वर घेतलं. मी काठी घेऊन गेले आणि दिवस बुडता बुडता त्यांना घेऊन आले. एक कोकरू कमी होतं. लांडग्याने नेलं होतं. रक्त नाल्यात दिसलं.

रात्री मुलगा बायकोवर चिडला. "येळेवर उडवलं असतं तर वाचलं असतं की."

"वाचलं असतं," मी म्हणाले. "अन् हेलिकॉप्टर पडलं असतं तर? तिनं बराबर केलं. गप जेव."

पण एक गोष्ट मला खटकत होती. सगळे एकमेकांना सांगतात, मग आम्हाला कुणी सांगितलं? सकाळी मी सुनेकडून त्याच हवालदाराला फोन लावून घेतला. "टॉवरला सांगता तसं आमाला बी सांगत जा. खाली आमची मेंढरं असतेत."

तो हसला. "आजी, मेंढरांना बी परवानगी पायजे का आता?"

"परवानगी नको. हाळी द्या. आमी बाजूला व्हतो."

पावसाळ्यानंतर पुन्हा कुणाचं तरी हेलिकॉप्टर येणार होतं. आदल्या संध्याकाळी हवालदाराचा फोन आला. "आजी, उद्या दुपारी हाय बरं का." दुसऱ्या दिवशी मी मेंढरं ओढ्याखालच्या रानात नेली. हेलिकॉप्टर लांबून गेलं. दोन-चार मेंढरांनी माना वर केल्या आणि पुन्हा चरायला लागली.