दीडशे रियालांची रापण

माझ्या लग्नाला पंधरवडा उरला असताना मस्कतमधल्या एका एटीएमने मला दीडशे रियाल दिल्याची पावती दिली आणि रियाल द्यायचे तेवढे विसरलं.

ही २००६ सालची गोष्ट. मी तिथे एसी दुरुस्तीच्या कामावर होतो. (गावात मात्र मी ‘इंजिनियर’ होतो. हे बाबांनी परस्पर ठरवलं होतं आणि मला ते पत्रिका छापून आल्यावर कळलं.) पगार हातात आला की पोटापुरते ठेवून बाकीचे सगळे मालवणच्या खात्यात पाठवायचे, असा मी गुणी मुलगा. त्यामुळे लग्नाला जायचं तिकीट काढायची वेळ आली तेव्हा खिशात काहीच नव्हतं, सगळं मालवणात! तिकीटवाला म्हणाला, “रोख आण. गुरुवारपर्यंत सीट धरून ठेवतो, मग माझ्या हातात नाही.” मी बँकेचं नवंकोरं कार्ड घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा परदेशी मशीनसमोर उभा राहिलो.

मशीनच्या आत नोटा फडफडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. मग एक घरघर झाली. मग शांतता. मग पावती. खाली ‘आभारी आहोत’ असंसुद्धा छापलं होतं! मी फटीत बोट घालून पाहिलं, मशीनला दोन चापट्या मारल्या, शेवटी घाबरून घरी फोन लावला.

बाबा आमच्या वाडीतल्या रापणीचे तांडेल, म्हणजे म्होरके. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोल सोडायचं अवाढव्य जाळं. त्याच्या दोन्ही टोकांचे दोर सगळी वाडी किनाऱ्यावर उभी राहून ओढते. त्यामुळे बाबांचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत आणि बाबा वाळूत, हे कायमचं. माझा फोन आला की ते समुद्राकडे तोंड करून बोलत. मस्कत समोरच आहे, पाठ करून बोललं तर आवाज डोंगरात जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

“बाबा, मशीनीत पैशे अडाकले!”

“कसले पैशे?”

“तिकिटाचे. दीडशे रियाल. खात्यातून गेले, पण माझ्या हातात इलेच नाय.”

पलीकडे नुसत्या लाटा ऐकू येत होत्या. (एका लाटेला माझ्या फोनकार्डातून किती जातात, याचा मी विचार करत होतो.)

“तू आता खंय आसस?”

“मशीनीसमोर.”

“थंयच रव! अजिबात हलू नको. जाळा समुद्रातल्या खडपाक अडाकला तर दोर सोडून कोण घराक जाता काय?”

“बाबा, ह्या जाळा न्हय. कंप्युटर आसा.”

“आत तुझे पैशे आसत ना? मगे दुसरो कोण इलो, तेणी बटान दाबल्यान, तर तुझे पैशे कोणाच्या हातात येतले?”

असं होत नाही, याची मला पक्की खात्री होती. पण असं का होत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी इंजिनियर असल्यामुळे विचारायची सोय नव्हती. मी तिथेच उभा राहिलो.

कार्डामागच्या नंबरावर फोन केला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, “सर, तुम्हाला पैसे मिळाल्याचं इथे दिसतंय.”

“तुम्हाला दिसतंय बाई, मला दिसत नाहीये!”

“तक्रार तुमच्या शाखेत नोंदवावी लागेल, सर. आणखी काही मदत करू?”

मी माझ्या खोलीतल्या जोसेफला बोलावून घेतलं. हा केरळचा, अरबी उत्तम बोलायचा. तो आला आणि मुकाट्याने माझ्या शेजारी उभा राहिला. तेवढ्यात एक ओमानी गृहस्थ आले. पायघोळ पांढरा झगा, डोक्यावर नक्षीची टोपी, भला माणूस. त्यांनी कार्ड घातलं. फडफड झाली, फट उघडली आणि नोटा बाहेर आल्या! मला ज्या फटीने तोंड दाखवलं नाही, तिने त्यांना हसत हसत दिल्या!

“जोसेफ, त्यांना विचार, हे जास्त तर नाही ना आले?”

जोसेफने कसं विचारलं कुणास ठाऊक, पण त्या भल्या माणसाने नोटा माझ्यासमोर पसरून मोजून दाखवल्या. बरोबर वीस रियाल. मग त्यांनी माझी सगळी हकिकत ऐकली, लग्नाचं कळल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीतून खजूर आणून आमच्याबरोबर चक्क अर्धा तास उभे राहिले. आम्ही तिघे त्या मशीनकडे बघत होतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं असेल, कोणीतरी गेलंय.

त्यानंतर मला प्रचंड भूक लागली. जोसेफला राखणीला ठेवून, माझा फोन त्याच्याच हातात देऊन मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात परोटा खाऊन आलो. आलो तेव्हा जोसेफ फोन बंद करत होता. “तुम्हारा फादर का फोन था. मैं बोला, खाना खाने गया.” मी त्यावर विचारही केला नाही.

इकडे मालवणात काय झालं ते मला नंतर आईकडून कळलं. ऐकताना मी थक्क झालो आणि अजून आहे.

सकाळची रापण ओढून झाल्यावर बाबा उठले आणि सरळ बँकेकडे चालू लागले. तांडेल चालले म्हणून मागून सगळी रापण निघाली! ओले पंचे, पायाला वाळू, बायकांच्या डोक्यावर टोपल्या. ही तीसेक माणसं बँकेत शिरली आणि एक शब्द न बोलता फरशीवर बसली. मॅनेजर अकोल्याकडचे, कोकणात नवीन. त्यांना वाटलं मोर्चा आला.

बाबांनी बँकेसाठी राखून ठेवलेली मराठी बाहेर काढली. “साहेब, माझ्या मुलाचे पैसे मस्कतात अडकले आहेत. तुम्ही इकडून ओढा. तो तिकडून धरून उभा आहे.”

“काका, पैसे तिकडे नाहीतच. मशीनने दिले नसतील तर ते हिशेबात आपल्याच बाजूला आहेत.”

“आपल्याकडे आहेत?”

“एका अर्थी, हो.”

“मग द्या.”

साहेबांनी रुमाल काढला. तक्रार, तिकडची बँक, मुंबईचं ऑफिस, मग खातं, असा सगळा प्रवास त्यांनी समजावला. महिना लागू शकतो म्हणाले.

“महिनो?” बाबांची बँकेची मराठी संपली. “लगीन पंधरा दिसांत आसा! नवरो नसताना अक्षता कोणावर टाकू, मशीनीवर?”

आणि नेमक्या याच वेळी बँकेत शिरले माझे होणारे सासरे! नवऱ्या मुलाकडे तिकिटालाही पैसे नाहीत, ही बातमी त्यांच्या गावी, आरोंद्याला, आमच्या आधी पोचली होती. सासऱ्यांना पहिल्यापासून संशय होता की मुलगा मस्कतला नसून मुंबईत कुठेतरी लपलाय. सोक्षमोक्ष लावायला ते मुलीला घेऊनच पहिल्या एसटीने निघाले होते. माझं लग्न त्या क्षणी एका केसाला लटकत होतं आणि मी मस्कतला परोटा खात होतो!

सासऱ्यांनी बाबांना नमस्कारसुद्धा केला नाही. थेट साहेबांना विचारलं, “माका एकच सांगा. झिलगो खरोच मस्कतात आसा काय?”

साहेबांनी एकदा फरशीवरच्या माणसांकडे पाहिलं. (असं सांगायचं नसतं म्हणे. पण ओल्या पंच्यातल्या तीस माणसांसमोर नियम कुणाला आठवतात!) त्यांनी कंप्युटरवर चार बटणं दाबली आणि म्हणाले, “हो. मस्कतचंच मशीन आहे. आज सकाळी आपल्या साडेनऊला तुमचे जावई त्याच्यासमोर उभे होते.”

सासरे टेबलाला वळसा घालून गेले आणि पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. तरी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

“समुद्रापलीकडचो माणूस हंय बसून दिसता?” ते हळूच म्हणाले. “मिनटासकट?” आणि मग बाबांकडे वळून त्यांनी हात जोडले, “व्याह्यानू, माझा चुकला.”

मशीनने पैसे नीट दिले असते, तर मी मस्कतला आहे हे कुणाला कसं पटलं असतं? ज्या घोटाळ्याने लग्न मोडणार होतं, त्यानेच ते जुळवलं.

सासरे खुर्चीत न बसता फरशीवर बसले. त्यांची लेक, म्हणजे माझी होणारी बायको, माझ्या आईशेजारी बसली. साहेबांनी मुंबईला जे फोन सुरू केले ते संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा हजर, तिसऱ्या दिवशीही! साहेबांच्या घरी रोज ताजे बांगडे जात होते, ते वेगळंच. बुधवारी पैसे खात्यात आले. शाखेत अशी तक्रार इतक्या लवकर सुटलेली साहेबांनीही पाहिली नव्हती. गुरुवारी जोसेफला बरोबर घेऊन मी दुसऱ्या मशीनमधून पैसे काढले, तिकीट घेतलं आणि घरी पोचलो.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यांना वाळूत बोलावलं आणि मला म्हणाले, “पैशे काढ.”

“कसले?”

“रापण लागली ना? मगे वाटे नको? जेणी दोराक हात लावल्यान तेचो वाटो.”

“बाबा, पैशे माझे! जाळा माझा!”

“जाळा बँकेचा. तुझ्या कार्डार लिवलेला आसा. साहेबान वाचून दाखवल्यान.”

‘हे कार्ड बँकेची मालमत्ता आहे,’ असं मागे लिहिलेलं होतंच! लग्नासाठी वर्षभर खात्यात साठवलेल्या पैशांतले साडेसतरा हजार रुपये माझ्या डोळ्यांदेखत वाळूत वाटले गेले. साहेबांना एक वाटा, जोसेफला एक, खजूरवाल्याला एक. सासऱ्यांना एक आणि नवरीला एक. माझ्या नावाचा ढीगच नव्हता.

“आणि माझो?”

“तू दोर सोडून खावक गेलंस,” बाबा म्हणाले. “दोर सोडता तेका वाटो नाय.”

साऱ्या वाडीने माना डोलावल्या. कुणी हसलंसुद्धा नाही.

लग्नात आहेराची पाकिटं फोडायला बसलो. एका पाकिटात तोच वाटा. दुसऱ्यात तोच. टोपलीवाल्या बायकांच्या पाकिटांत तोच, वर आणखी अकरा रुपये. साहेबांचा आला, सासऱ्यांचा आला, जोसेफचा आणि खजूरवाल्याचा बाबांच्या हस्ते आला. वाडीने माझे पैसे रीतीप्रमाणे घेतले होते आणि रीतीप्रमाणे परत केले होते. मला रडू आवरेना. बाबा मात्र बाजूला उभे राहून ताज्या बांगड्यांचा भाव विचारत होते.

एक वाटा तेवढा अजून परत आलेला नाही. विषय काढला की बायको शांतपणे म्हणते, “बँकेत तीन दिस मी बसलंय. तुमी परोटे खाईत होत्यात.” तेव्हापासून आमच्या घरातलं कार्ड तिच्याकडे असतं. ती एटीएममध्ये जाते, मी बाहेर दाराशी उभा राहतो आणि कितीही भूक लागली तरी जागचा हलत नाही!