चपट्या खांबांच्या रिंगा

ती घटना आजही आठवते आणि मिशीतल्या मिशीत हसू येतं. नेवासा तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच शेजारच्या गावातल्या महिला बचत गटाच्या अध्यक्षाबाई बायकांचा घोळका घेऊन आत आल्या. त्यांच्या मसाला कारखान्याचं बांधकाम चालू होतं. खांबांच्या उभ्या सळ्यांभोवती बसवायला वाकवून ठेवलेल्या लोखंडी रिंगा रातोरात गायब झाल्या होत्या.

फिर्याद घेताना खरी भानगड कळली. बांधकाम कसं करून घ्यायचं, यावरून गटात आधीच दोन तट होते. गावातला एक ठेकेदार म्हणत होता, सगळं माझ्यावर सोडा. नकाशा माझा, माल माझा, माणसं माझी, शेवटी किल्ली तुमच्या हातात. पण त्याच्या नकाशात खांबांचे कोपरे खोलीत घुसत होते आणि मिरची कांडपाचं यंत्र भिंतीला लागून बसत नव्हतं. बाईंनी बदल सुचवला, तर म्हणाला, ‘आमचा नकाशा ठरलेला असतो.’ बाईंनी त्याला नमस्कार केला. नगरच्या एका इंजिनिअरकडून भिंतीत बसणाऱ्या चपट्या खांबांचा नकाशा काढून घेतला, माल स्वतः खरेदी केला आणि पाथर्डीकडच्या एका मिस्त्रीला फक्त मजुरीवर काम दिलं.

चोरी झाली आणि वारं फिरलं. बायकांना राखण जमत नाही, मिस्त्रीनंच माल विकला, असं गावभर झालं. रविवारी गटाची सभा होती. बाईंना काढून काम ठेकेदाराला द्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. मिस्त्रीला मी चौकशीसाठी बसवलं होतं. बाई समोरच्या बाकड्यावरून हलेनात.

“साहेब, त्यो चोर न्हाई,” त्या म्हणाल्या. “आन आमी काम द्यायची रीत बी चुकलेली न्हाई. त्यो अडकला तर उद्या कुनी बाई असं काम अंगावर घ्यायची न्हाई.”

मी जागेची पाहणी केली. सरळ सळ्यांचा ढीग जिथल्या तिथे. सिमेंटच्या गोण्यांना हात लावलेला नव्हता. विकायला चोरणारा माणूस सळ्या नेईल. वाकवलेल्या रिंगांना भंगाराचाच भाव मिळणार. म्हणजे चोराला लोखंड नको होतं, काम बंद पाडायचं होतं. माझं डोकं चालायला लागलं.

दुपारी एका टेम्पोवाल्याचा मोबाईलवर फोन आला. “साहेब, नाव घेऊ नका. चोरी झाली त्याच रात्री ठेकेदाराच्या गोदामात गोन्या पोचवल्या मी. सेंट्रिंगचं सामान म्हणला, पन मला गोनीला हात लावू दिला न्हाई. येरवी माझ्याकडूनच उतरवून घेतो.”

दोन पंच घेऊन गोदामाची झडती घेतली. स्लॅबच्या साच्याला लागणाऱ्या सेंट्रिंगच्या प्लेटांमागे गोण्या निघाल्या आणि गोण्यांत रिंगा. पंचांसमक्ष त्या जप्त केल्या. माल विहिरीत टाकला असता तर आम्ही बसलो असतो हात चोळत. पण काम आपल्यालाच मिळणार ही ठेकेदाराला खात्री होती, मग फुकटचं लोखंड फेकवतंय कशाला!

ठेकेदार माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसला. म्हणाला, “साहेब, रिंगा सगळीकडे सारख्याच असतात. या माझ्या दुसऱ्या साइटच्या आहेत.”

“कोणत्या?”

त्याने नेवासा रस्त्यावरच्या दुकानगाळ्यांचं काम सांगितलं.

“चला, तिथे घालून बघू.”

पाय खाली आला. माणूस खोटं बोलतो तेव्हा डोळ्यांकडे बघावं म्हणतात. मी पायांकडे बघतो. त्याच्या साइटवर सगळे खांब चौकोनी. आमची लांबट, अरुंद रिंग त्या उभ्या सळ्यांवर बसेचना. मग त्याला बायकांच्या जागेवर नेलं. अख्खा गाव जमला होता. मिस्त्रीच्या हातात मीच रिंग दिली. त्याने ती चार सळ्यांच्या टोकांवरून अलगद खाली सोडली आणि ती सरसर बुडापर्यंत गेली.

मग एका म्हातारीने पदर खोचला आणि टाळ्या सुरू केल्या. ठेकेदाराने तिथेच खाली मान घातली. ठाण्यात त्याने कबुली दिली.

रविवारच्या सभेला बंदोबस्ताच्या निमित्ताने मी मागे उभा राहिलो. बाईंना काढायचा विषय कोणी काढलाच नाही. पुढचं कामही याच रीतीने करायचं, यावर एकजात सगळे हात वर झाले. मला इतका आनंद झाला की वर्दीत नसतो तर मीही हात वर केला असता.

या प्रकरणाने मला एक गोष्ट पक्की शिकवली. काय चोरलं, हे सगळेच विचारतात. त्या चोरीनं कोणाचा निर्णय बदलणार होता, हेही विचारावं. आणि आपल्या गरजेप्रमाणे काम करून घेणाऱ्या माणसाला हट्टी म्हणण्याआधी त्याची गरज काय, ते ऐकावं.

निवृत्तीनंतर भिंगारजवळ घर बांधलं. सगळं एकाच्याच हातात देऊन मोकळे व्हा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी चपट्या खांबांचा नकाशा काढून घेतला, माल स्वतः आणला आणि मजुरीवर त्याच मिस्त्रीला बोलावलं. माझ्या घरात एकही खांब दिसत नाही.