माणसाची खूण

बिल्डरच्या ऑफिसात तिला सगळे सजावटबाई म्हणत. नव्या इमारतीतलं नमुन्याचं घर मांडायचं, हे तिचं काम. टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं, कपाटात नुसत्या पुठ्ठ्यांची पुस्तकं, नळाला पाणी नाही. नियम एकच: माणसाची खूण दिसता कामा नये. चप्पल, औषध, कंगवा, सगळं दृष्टिआड. गिऱ्हाइकाला स्वतःच्या घरातल्या पसाऱ्याची लाज वाटली, की झालं.

हळूहळू तिचं स्वतःचं घरही तसंच झालं. सासूबाई म्हणायच्या, "या सोफ्यावर बसू, की लांबूनच बघू?"

हल्ली मात्र त्या भरल्या घरात तिला रितं रितं वाटे. कामावर जाताना वाटेत एक वृद्धाश्रम लागे. 'मदतनीस हवी' ही तिथली पाटी तिने वाचली आणि ती डोक्यातून जाईना. पगार निम्म्याहून कमी. म्हणजे राहतं घर सोडून दोन खोल्यांत जाणं आलं.

"दोन खोल्यांत हे सगळं मावेल?" नवऱ्याने विचारलं.

"नाही मावणार."

"मग?"

"मग नाही मावणार."

तो हसला. "सुखातला जीव दुःखात घालायची हौस! आधी एक दिवस जाऊन तर बघ."

सुट्टीच्या दिवशी ती गेली. थोरल्या नर्सने तिला एक खोली दाखवली. "आजींची अंघोळ होईपर्यंत एवढं आवरून ठेवा."

आवरणं म्हणजे तिच्या हातचा मळ. टेबल लख्ख झालं, चादरीवर सुरकुती राहिली नाही, दाराकडे तोंड केलेली खुर्ची तिने खिडकीकडे वळवली. दारात उभं राहून तिने एकवार पाहिलं. झकास!

आजी नर्सचा हात धरून आल्या, पलंगावर टेकल्या आणि टेबल चाचपू लागल्या. हाताला काहीच लागेना.

"माझा चष्मा?"

"खणात ठेवलाय, आजी."

"गोळ्या?"

"कपाटात."

"आणि आमच्या ह्यांचा फोटो?"

"तोही... कपाटातच."

"अगं बाई, मी अंघोळीला गेले होते," आजी म्हणाल्या, "वर नव्हते गेले!"

नर्स तोंडावर हात ठेवून हसली. सजावटबाईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने कपाट उघडलं. "कुठे काय होतं, सांगा. लावते परत."

"चष्मा उजव्या हाताला. फोटो तिरका, सरळ ठेवलास तर ह्यांच्या तोंडावर उजेड येतो. आणि खुर्ची फिरव दाराकडे. कोण आलं ते कळायला नको?"

"कोण येणार आहे?"

"तू नाही का आलीस?"

चष्मा पुसायच्या निमित्ताने ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली.

दुपारी व्हरांड्यात जाऊन तिने नवऱ्याला फोन लावला. "दोन खोल्या बघायला लागू या का?"

"एका दिवसात ठरवलंस?"

"ठरवलं नाही रे. नुसतं इथे यावंसं फार वाटतंय."

तो म्हणाला, "आईला काय सांगू?"

तेवढ्यात आतून आजींची हाक आली, "अगं ए, नवी! कुठे उलथलीस? केस विंचरतेस ना?"

"आले, आले!" ती म्हणाली आणि फोन तसाच हातात धरून आत पळाली.

तिकडे नवऱ्याला तेवढं 'आले, आले' ऐकू आलं; त्याला वाटलं, घरी यायला निघाली.