डिस्पॅचच्या टेबलावरची बारीक अक्षरं

सोपानराव कड चाकणच्या एका प्रेस पार्ट्‌सच्या कंपनीत एकोणतीस वर्षं होते. पहिली अठरा वर्षं मशीनवर गेली. मग डाव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली आली आणि कंपनीनं त्यांना डिस्पॅचच्या टेबलावर बसवलं. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीकडून दिवसाला साठ-सत्तर मेल यायचे. कुठला पार्ट, किती नग, कोणत्या गेटला, किती वाजता, हे वाचून सोपानराव ट्रक भरून घ्यायचे. माणूस दहावी नापास, पण अकरा वर्षांत त्यांच्या हातून एकदाही चुकीचा माल गेला नव्हता.

दीड वर्षापूर्वी टेबलावर नवा रुंद स्क्रीन आला. मेलचा प्रोग्रामही नवा. दिसायला सगळं झकपक, पण अक्षरं मोहरीएवढी. सोपानरावांनी पिंपरी कॅम्पात जाऊन दोनदा चष्मा बदलला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, पण अजून काढण्याइतका पिकलेला नाही.

कंपनीत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पेंट शॉपच्या अर्जुनरावांनी गुडघे दुखतात म्हणून हलकं काम मागितलं होतं, तर महिन्याभरात त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद पडला. ते सगळ्यांनी बघितलं होतं.

मग सोपानरावांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. मेल उघडायचा, त्यातला मजकूर उचलून दुसऱ्या कोऱ्या फाइलमध्ये टाकायचा, तिथं तो मोठा करायचा आणि वाचायचा. एकेक मेल असा. आलेल्या मेलची यादी मात्र उचलता यायची नाही, तिथं स्क्रीनला नाक लावावं लागायचं. दुपारी तीनपर्यंत मान आखडून जायची. कंपनीच्या बसमध्ये बसले की ते डोळे मिटायचे आणि घर येईपर्यंत उघडायचे नाहीत.

"डोळं एवढं लाल कशानं?" बायको शालनबाई विचारायची.

"धूळ किती हाय रस्त्याला," ते म्हणायचे आणि टीव्ही बंद करायला लावायचे.

फेब्रुवारीत एका सकाळी एकाच विषयाचे दोन मेल आले. दुसऱ्याच्या विषयाच्या ओळीत शेवटी 'सुधारित' अशा अर्थाचा एक इंग्रजी शब्द जास्त होता. सोपानरावांना वाटलं, तोच मेल पुन्हा आलाय. त्यांनी पहिल्यावर काम केलं. उजव्या बाजूचे चारशे ब्रॅकेट हवे होते, गेले डावे. ट्रक गेटवरून परत आला आणि तिकडची गाड्या जोडायची लाइन चाळीस मिनिटं उभी राहिली.

डिस्पॅचचे मॅनेजर प्रितम साहेब तिशीतले. ओरडले नाहीत. टेबलापाशी उभं राहून म्हणाले, "काका, दुसरा मेल वाचलाच नाहीत?"

"नजरचूक झाली, साहेब."

"अकरा वर्षांत झाली नाही, ती आत्ताच कशी?"

सोपानरावांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा पाठवा. मेलवरच."

दुपारी क्वालिटीच्या अनिताताई सहीला आल्या, तेव्हा सोपानराव मेल उचलून फाइलमध्ये टाकत होते.

"काका, हे काय करताय?"

"मोठं करून वाचतोय."

"प्रत्येक मेल?"

"व्हय."

अनिताताईंनी सहीचा कागद बाजूला ठेवला. कंट्रोलचं बटण दाबून त्यांनी माउसचं चाक फिरवलं. उघडलेल्या मेलमधली अक्षरं टपोरी झाली.

"हे झालं, ताई. पण यादी तशीच हाय बघा. चूक तिथंच झाली माझी."

यादी कशी मोठी करायची, ते अनिताताईंनाही ठाऊक नव्हतं. दोन-तीन ठिकाणी शोधून झालं. मग वरच्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांवर त्यांनी क्लिक केलं, तर खाली अक्षरांच्या आकाराची ओळ निघाली, एका बाजूला वजा, दुसऱ्या बाजूला अधिक. अधिक दाबलं. यादी, डावीकडचे फोल्डर, वरचे मेनू, सगळं एका पायरीनं मोठं झालं.

"अजून?"

"अजून. अजून एक."

पाचव्यांदा दाबल्यावर सोपानरावांनी खुर्चीत मागं टेकून यादी वाचली. पाठवणाऱ्यांची नावं, विषय, वेळ. त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळलं. आनंद वगैरे काही झाला नाही. दीड वर्षाचा सगळा शीण एकदम अंगावर आला.

"कुणाला तरी विचारायचं ना, काका."

"मी विचारलं असतं, तर त्यांनी आधी डोळ्यांचं विचारलं असतं, ताई."

अनिताताईंनी बाजूला ठेवलेला कागद सहीला पुढं केला. मग म्हणाल्या, "खुलाशात खरं तेच लिहा."

सोपानरावांनी चार ओळी लिहिल्या. मोतीबिंदू, बारीक अक्षरं, न सांगितल्याची चूक. पाठवायच्या बटणावर बोट बराच वेळ थांबलं. मग सुटायची वेळ झाली म्हणून त्यांनी ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी प्रितम साहेब स्वतः आले. स्क्रीनकडे बघत राहिले.

"एवढं सांगायला दीड वर्ष लागलं?"

"अर्जुनरावांचं बघितलं होतं, साहेब."

"खुलासा आणि ताकिदीचा मेमो तुमच्या फाइलला लागेल, ते मला थांबवता येणार नाही," साहेब म्हणाले. "बाकी बघतो."

मेमो लागलाच. पण त्या आठवड्यात साहेबांनी कॉम्प्युटरच्या विभागाला कळवलं, की ज्यांना हवं असेल त्यांची अक्षरं मोठी करून द्या, कारण विचारू नका. नऊ टेबलांवरून बोलावणं आलं. त्यातलं एक स्टोअरच्या रोहिदासचं होतं. आदल्याच दिवशी 'बोर्ड रंगवलाय का, राव?' म्हणून तो सोपानरावांच्या स्क्रीनला हसला होता.

सोपानरावांची मान अजून दुखते. बसमध्ये ते अजून झोपतात. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली, तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज घेतला. कारणाच्या रकान्यात सवयीनं 'घरगुती काम' लिहिलं. मग ते खोडून त्यांनी 'डोळ्याचं ऑपरेशन' असं लिहिलं आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवून आले.