गीताबाईची हराळी

वरवट बकालच्या गीताबाईनं वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत हराळी फक्त उपटली होती. तिचा नवरा शालिग्राम याच्या दोन एकरांत वांगी, मिरची आणि हराळी अशी तीन पिकं यायची; त्यातलं तिसरं बिनखताचं. मग एका उन्हाळ्यात विहीर आटली. दोघांनी घराला कुलूप लावलं आणि नांदुऱ्याहून नागपूरची गाडी धरली.

नागपुरात तेव्हा शहरातलं जुनं क्रिकेट मैदान अपुरं पडायला लागलं होतं आणि वर्धा रोडवर, गावाबाहेर, नवं स्टेडियम उभं राहत होतं. शालिग्रामला पाइपाच्या चाऱ्या खणायचं काम मिळालं. गीताबाईला मुकादम म्हणाला, "खुरपं चालवता येते ना? मग त्या कोपऱ्यातलं तण काढा." आणि तो चहाला गेला.

गीताबाईनं पाहिलं, तर सगळा कोपरा भरून हराळी. तीही ओळीत. ती कामाला लागली. दुपारपर्यंत तिनं चार गुंठे जमीन चकाचक केली, हराळी मुळ्यांसकट काढून तिचा ढीग कडेला उलटा टाकला.

मैदानाचे प्रमुख महादेवराव आले. ते थेट ढिगापाशी गेले.

"बाई, हे कोनं काढलं?"

"म्याच काढलं."

"काऊन?"

"हराळी होती साहेब."

"हराळीच लावली होती, बाई. दूरवरून मागवून."

गीताबाईला वाटलं, साहेब थट्टा करून राह्यले. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

तिनं शालिग्रामकडं पाहिलं. तो चारीत आणखी खाली वाकला.

महादेवरावांनी ढिगातली एक मुळी उचलली. कुठंही तुटलेली नव्हती. तीन महिने त्यांची माणसं याच जमिनीतला लव्हाळा काढत होती आणि तो दर आठवड्याला परत उगवत होता. ते म्हणाले, "हे उद्या परत लावून द्या. परवापासून लव्हाळ्यावर तुम्ही."

त्या संध्याकाळी गीताबाई जेवली नाही. कामावरून काढलं असतं तर तिला समजलं असतं. पण हराळी लावायची? दुसऱ्या दिवशी तिनं एकेक काडी वीतभर अंतरानं मातीत दाबली, तेव्हा आजूबाजूला गावचं कुणी नाही ना, हे आधी पाहून घेतलं.

दीड वर्ष ती तिथं राहिली. नोव्हेंबर २००८ मध्ये नव्या मैदानावर पहिला कसोटी सामना झाला. पाणी मारणाऱ्या माणसांबरोबर तिला आणि शालिग्रामलाही सीमारेषेबाहेर बसवलं होतं. कोण खेळतंय हे तिनं विचारलं नाही. एक खेळाडू चेंडूमागं धावला, घसरला आणि हातभर गवत उखडून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गीताबाई उठली. शालिग्रामनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"अवो, मॅच चालू आहे."

"दिसते मले. चांगला माणूस आहे, लोळून काऊन राह्यला?"

खेळ संपल्यावर तिनं ती जागा टाचेनं दाबून बसवली. तिला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं.

गावी परतल्यावर मळ्यात पाहिलं तर हराळी मिरचीच्या वाफ्यांपर्यंत आली होती. पुढचा सबंध उन्हाळा ती काढण्यात गेला.

तीन वर्षांपूर्वी गावातल्या शाळेच्या अनुपमा मॅडम घरी आल्या. त्यांना मुलींच्या क्रिकेटसाठी मैदान हवं होतं. मुलींचे गुडघे मुरमावर फुटत होते.

"गीतामावशी, गवत लावून द्याल का?"

"माह्या हातानं गावात हराळी लावू? लोक मले जितं ठेवतीन का?"

शेवटी ती तयार झाली, एका अटीवर: हराळी शेतांत उतरू नये म्हणून मैदानाभोवती दोन हात खोल चर. चर खणला गेला. गवताची काडी कुठून आणायची, हा प्रश्नच आला नाही. दोन दिवसांत शेतकऱ्यांनी चौदा बैलगाड्या हराळी शाळेत आणून टाकली. गावानं शाळेला इतक्या उत्साहानं आजवर काही दिलं नव्हतं.

आता मैदान हिरवं आहे. शालिग्राम थकला, घरीच असतो. गीताबाई दर रविवारी खुरपं घेऊन चरात उतरते आणि पलीकडं निघालेला हराळीचा एकेक धागा कापत पूर्ण फेरी मारते. सामना चालू असला तरी. मुली तेवढा वेळ थांबतात.